१६० व्होल्टांचा धाक

घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ही वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला तो आकडा ३२५ वर जाऊन येतो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवू: ३२७. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये वायूतून ठिणगी कधी उडते याचा नियम मांडला. त्या नियमाने पाहिलं तर दोन धातूंमधलं अंतर बदला, हवेचा दाब हवा तसा कमी-जास्त करा, ३२७ व्होल्टांच्या खाली हवा फुटत नाही. (फट अगदी मायक्रॉनांत मोजण्याइतकी असली तर हिशेब बदलतो, तो भाग सोडून देऊ.) म्हणजे आपल्या घरची वीज त्या उंबरठ्याच्या दोनच व्होल्ट अलीकडून माघारी फिरते. निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो. इस्त्रीचा प्लग ओढताना ठिणगी दिसते, मग तिचं काय, असं कुणी विचारेल. तिची जात वेगळी आहे. तिच्याकडे येऊच.

आता चारशे किलोमीटर वर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे मूळ सौरपंख आठ. एकेक सुमारे ३५ मीटर लांब, १२ मीटर रुंद. एका पंखावर ३२,८०० सौरघट, आठ पंखांवर मिळून २,६२,४००. चारशे घटांची एक माळ, अशा ८२ माळा एका पंखात. माळेच्या दोन टोकांमध्ये १६० व्होल्ट, म्हणजे एका घटाच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट. घरच्या विजेपेक्षा कमी, पाशेनच्या उंबरठ्याच्या निम्म्याइतकेही नाहीत.

आणि भोवती काय आहे? समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये रेणूंची संख्या २५ च्या पुढे अठरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली मोजणी परार्धाला थांबते, एकावर सतरा शून्यं. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या हवेत असे अडीचशे परार्ध रेणू असतात. चारशे किलोमीटरवर त्याच घन सेंटीमीटरमध्ये उरतात दहा कोटींच्या आसपास अणू. हवा २५ हजार कोटी पटींनी विरळ झाली. फुटायला हवाच उरलेली नाही आणि फोडायला व्होल्टही पुरेसे नाहीत. तिथे ठिणगीची भीती कशाला?

तरीही याच १६० व्होल्टांनी स्थानकाच्या अभियंत्यांना घाम फोडला होता. अवकाशातल्या विजेबद्दल लिहिताना लोक वादळांचे, महास्फोटांचे, अब्जावधींचे आकडे काढतात. मला विचाराल तर इथे थक्क करणारे आकडे लहान आहेत. ४५, ७५, १००, १६०. एवढ्याशा व्होल्टांनी उपग्रह मेले आहेत.

कारण ती जागा रिकामी नाही. सूर्याचे अतिनील किरण तिथल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, आणि भर दुपारी एका घन सेंटीमीटरमध्ये दहा लाखांपर्यंत मोकळे इलेक्ट्रॉन व तितकेच धनभारित आयन फिरत असतात. हाच प्लाझ्मा. एरवी निरुपद्रवी, पण त्याच्या दोन घटकांची चाल पाहा. इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी दोनशे किलोमीटरच्या वेगाने सैरावैरा धावतात. ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा २९ हजार पट जड, त्यामुळे त्याची स्वतःची चाल सेकंदाला एक-सव्वा किलोमीटर. स्थानक या दोघांच्या मधोमध: सेकंदाला ७.७ किलोमीटर. म्हणजे स्थानक आयनांना मागे टाकत जातं आणि इलेक्ट्रॉन स्थानकाला. आयन फक्त पुढच्या बाजूने अंगावर येतात. पाठीमागे त्यांची पोकळी राहते. इलेक्ट्रॉन मात्र सगळीकडून आदळतात.

यात भर म्हणून १६० व्होल्टांची माळ धरा. तिचं धन टोक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. घटांना वरून काच असते, पण काचेच्या कडांपाशी घट उघडे पडलेले असतात आणि तेवढ्या फटी पुरतात. ऋण टोक आयन ओढायला बघतं, पण त्यांची आवक तुटपुंजी. जमा आणि खर्चाचा मेळ बसायचा तर माळेचा फार मोठा भाग प्लाझ्मापेक्षा ऋण व्हावा लागतो, म्हणजे जास्त आयन गोळा होतील आणि इलेक्ट्रॉन थोपवले जातील. स्थानकाची चौकट माळेच्या ऋण टोकाला जोडलेली आहे. परिणामी सगळं लोखंडी, म्हणजे खरं तर ॲल्युमिनियमचं धूड भोवतालच्या प्लाझ्मापेक्षा १४० व्होल्ट खाली जाऊन बसेल, असा हिशेब निघाला. त्यात आणखी एक गंमत: १०९ मीटर लांबीचा कणा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून एवढ्या वेगाने जातो की त्याच्या दोन टोकांत नुसत्या चालण्याने पंचवीसेक व्होल्टांचा फरक पडतो. कुठलंही जनित्र न बसवता.

१४० व्होल्टांनी काय बिघडतं? स्थानकाच्या बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या ढालींवर ॲनोडायझिंगचा थर आहे, तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी दिलेला. त्याची जाडी १.३ मायक्रॉन. आत ऋण धातू, बाहेर आयनांनी भारलेला पृष्ठभाग, मध्ये हा थर. १४० ला १.३ मायक्रॉनने भागलं की मीटरमागे दहा कोटी व्होल्टांहून अधिक येतात. साधी हवा मीटरमागे तीस लाख व्होल्टांवर फुटते. हे त्याच्या पस्तीस पट. थराला तडा गेला की धातूपासून प्लाझ्मापर्यंत ठिणगी, आणि आसपासच्या शेकडो चौरस मीटर पृष्ठभागावर साठलेला भार त्या एका छिद्रातून रिकामा होणार. रंगसंगतीसारख्या वाटणाऱ्या एका थराची जाडी हा विजेचा प्रश्न होऊन बसला.

माणसाचा प्रश्न त्याहून नाजूक. अंतराळवीर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पोशाखाला कंबरेशी, मनगटाशी धातूची कडी असतात आणि आतले कपडे घामाने ओले. स्थानकाचं ऋण विभव ४५ व्होल्टांच्या पुढे गेलं तर पोशाखावरून ठिणगी उडून तिचा मार्ग शरीरातून जाऊ शकतो, असं गृहीत धरून मर्यादा आखली गेली. ४५ व्होल्ट. जमिनीवर आपण त्याला विजेचा झटका म्हणायलाही तयार नसतो.

यावरचा उपाय ऑक्टोबर २००० मध्ये डिस्कव्हरी यानातून वर गेला: झेनॉन वायूवर चालणारी दोन यंत्रं. पोकळ नळीतून झेनॉन सोडायचा, तो आत तापवून आयनित करायचा, आणि त्या ढगातून जादा इलेक्ट्रॉन प्लाझ्मात परत पाठवायचे, गरज पडली तर दहा अँपिअरपर्यंत. दहा अँपिअर म्हणजे सेकंदाला ६२ वर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन, सहाशेवीस परार्ध. ही यंत्रं बसवल्यावर मोजमाप करणारी उपकरणंही लागली. त्यांनी दाखवलं की प्रत्यक्ष विभव भाकितापेक्षा बरंच सौम्य आहे. फटींमधून इलेक्ट्रॉन शिरतात, पण धरले होते तितके सहज शिरत नाहीत. सर्वांत अवघड क्षण येतो तो स्थानक पृथ्वीच्या सावलीतून उन्हात येताना. रात्रभर थंडावलेला विरळ प्लाझ्मा आणि एकदम जागे झालेले अडीच लाख घट. स्थानकाला वर्षात साडेपाच हजारांहून जास्त सूर्योदय दिसतात, त्या प्रत्येकाला हा प्रसंग.

इतकं सगळं सोसून १६० व्होल्टच का? जुन्या उपग्रहांसारखे २८ का नको? १२० किलोवॉट २८ व्होल्टांवर न्यायचे तर सुमारे ४,३०० अँपिअर वाहतात, १६० वर ७५०. तारेतली तूट प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणून तीच तार २८ व्होल्टांवर जवळपास ३३ पट वीज जाळून टाकेल. ती तूट टाळायला तांबं वाढवा, तर ते किलोकिलोने वर चढवावं लागतं. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवणं भागच आहे. आणि ७५ व्होल्टांच्या आसपासपासून प्लाझ्मातल्या ऋण घटांवर ठिणग्या पडू लागतात, हे प्रयोगशाळेत आणि १९७८ नंतर कक्षेत केलेल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

पाशेनच्या ३२७ चं मग काय झालं? ठिणगीचा जन्म एका विशिष्ट जागी होतो: धातू, काच चिकटवणारा थर आणि पोकळी जिथे एकत्र भेटतात त्या कडेवर. धातू शंभरेक व्होल्ट ऋण, त्याच्यावरच्या काचेवर आयन साचून ती जवळपास शून्यावर, मध्ये काचेची मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाडी. मीटरमागे दहा लाखांच्या घरातलं क्षेत्र तयार होतं. धातूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला हे फारच कमी आहे. त्यासाठी मीटरमागे शंभर कोटी लागतात. पण धातूचा पृष्ठभाग कधीच गुळगुळीत नसतो. सूक्ष्म टोकांपाशी क्षेत्र शेकडो पटींनी एकवटतं आणि तिथून इलेक्ट्रॉन निसटू लागतात. ते काचेच्या कडेवर आपटतात, आणखी इलेक्ट्रॉन उडवतात, कडेला चिकटून बसलेला वायू उडवतात, टोक स्वतः तापून वाफ होतं. पोकळीत वायू नव्हता तर ठिणगी तो स्वतः तयार करून घेते. ३२७ ची अट साध्या हवेला होती. इथे माध्यम धातूच्या वाफेचं आहे.

इथे वेल्डिंगच्या दुकानात डोकावायला हरकत नाही. वेल्डिंग मशीनचा दाब काम सुरू नसताना पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतो. एवढ्यावर हवेतून ठिणगी उडणं शक्यच नाही, म्हणून कारागीर रॉड पत्र्याला टेकवतो आणि किंचित उचलतो. उचलताना धातूची वाफ होते, आर्क पेटतो, आणि मग तो वीस-तीस व्होल्टांवर खुशाल जळत राहतो. पेटवणं महाग, जळत ठेवणं स्वस्त. प्लग ओढतानाची ठिणगी याच घराण्यातली: दूर होणाऱ्या धातूंनी पेटवलेली. अवकाशात रॉड टेकवायचं काम प्लाझ्मा करतो.

या स्वस्तपणाची किंमत १९९७ मध्ये कळली. त्या वर्षी सोडलेले टेम्पो-२ आणि पॅनॲमसॅट-६ हे दोन दळणवळण उपग्रह सौरपंखांची वीज टप्प्याटप्प्याने गमावू लागले. दोघांचे पंख सुमारे शंभर व्होल्टांचे. दोघेही ३६ हजार किलोमीटरवर, जिथला प्लाझ्मा अगदी वेगळा: घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन, पण त्याची ऊर्जा दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या घरात, वेग सेकंदाला ५८ हजार किलोमीटर, प्रकाशाच्या जवळपास पाचवा हिस्सा. असे इलेक्ट्रॉन आदळून अख्खा उपग्रह हजारो व्होल्ट ऋण होतो. एटीएस-६ या उपग्रहावर सावलीत असताना उणे १९ हजार व्होल्टांपर्यंत नोंद झाली आहे. १९७५-७६ मध्ये आपल्याकडच्या २,४०० खेड्यांत ‘साइट’ प्रकल्पाचं दूरदर्शन उतरवलं ते याच उपग्रहाने.

सगळा उपग्रह एकजात ऋण असला तर बिघडत नाही. बिघडतं ते फरकाने. ऊन काचेतून इलेक्ट्रॉन उडवतं, त्यामुळे काच धातूच्या चौकटीपेक्षा कमी ऋण राहते. हा फरक काही शे व्होल्टांवर गेला की कडेशी एक छोटी ठिणगी पडते. ती काही मायक्रोसेकंदांत विझते आणि तिच्यातली ऊर्जा क्षुल्लक असते, म्हणून तोवर कुणी तिला फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण ती विझण्याआधी धातूच्या वाफेचा ढग सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने फुगतो. टेम्पो-२ वर दोन माळा शेजारी शेजारी होत्या, मधली फट ०.८ मिलिमीटर. ढगाला ती ओलांडायला लागतो सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी एका भागाहूनही कमी वेळ. त्या फटीच्या एका काठाला माळेची सुरुवात, दुसऱ्या काठाला शेवट, म्हणजे मध्ये शंभर व्होल्ट. आर्क जळायला वीस पुरतात. ठिणगीची स्वतःची ऊर्जा संपते तिथून सौरपंख तिला पोसू लागतो, आणि सौरपंखाला पोसतो सूर्य.

दोन अँपिअर आणि शंभर व्होल्ट म्हणजे फार तर दोनशे वॉट. पण ते सुईच्या टोकाएवढ्या जागेत. घटांखालचा कॅप्टॉन या प्लास्टिकचा पापुद्रा एरवी चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तग धरणारा, उत्तम विद्युतरोधक. तो जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहून नेतो. आता आर्क विझला तरी शॉर्ट कायमचा. क्लीव्हलँडच्या नासा केंद्रात निर्वात टाकीत असाच नमुना ठेवून हा सगळा क्रम घडवून पाहिला गेला. मग जुनी एक खूणही नव्या नजरेने वाचली गेली: युरोपचा युरेका हा उपग्रह १९९३ मध्ये शटलने परत खाली आणला होता, त्याच्या सौरपंखावर असंच जळून पडलेलं भोक होतं. टेरा या पृथ्वी-निरीक्षक उपग्रहाच्या १२७ व्होल्टांच्या पंखाचा नमुनाही जमिनीवरच्या चाचणीत जळाला, पण तो वेळेत जळाला. रचना सुधारून टेरा डिसेंबर १९९९ मध्ये गेला.

सुधारणा ऐकायला अगदी किरकोळ आहेत. जास्त फरकाचे घट शेजारी येणार नाहीत अशा रीतीने माळा वळवायच्या. फटीत सिलिकॉनचा लगदा भरायचा, फरशांच्या सांध्यात भरतात तसा. माळेचा प्रवाह आर्क जळू शकणार नाही इतका कमी ठेवायचा. कोट्यवधी डॉलरच्या यंत्राचं आयुष्य लगद्याच्या एका रेघेवर आलं.

जपानचा मिदोरी-२ हा प्रकार मला सगळ्यांत चटका लावणारा वाटतो. ३.७ टनांचा उपग्रह, डिसेंबर २००२ मध्ये ८०० किलोमीटरवर ध्रुवीय कक्षेत गेलेला. २००३ च्या ऑक्टोबरअखेरीस सूर्यावर प्रचंड वादळं चालू होती. २५ ऑक्टोबरला, जपानी वेळेप्रमाणे, त्याची वीज तीन मिनिटांत सहा किलोवॉटवरून एका किलोवॉटवर आली आणि तो गेला तो गेलाच. जपानच्या तीन संस्था एकत्र करून जाक्सा ही अवकाश संस्था स्थापन झाली होती १ ऑक्टोबरला. तिच्या वयाचा पहिला महिनाही पुरा व्हायचा होता. तपासात बोट सौरपंखाकडून येणाऱ्या तारांच्या जुडग्याकडे वळलं. जुडग्याभोवतीचं उष्णतारोधक वेष्टन चौकटीला विजेने जोडलेलं नव्हतं. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातून जाताना तिथल्या वेगवान इलेक्ट्रॉनांनी ते भारलं गेलं असावं, भेगाळलेल्या तारांपाशी ठिणगी पडली असावी, आणि पुढचं पंखाच्या विजेने उरकलं. घट शाबूत, तारा जळालेल्या.

कक्षेत ठरवून वाढवलेल्या दाबाचीही एक गोष्ट आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानाने एका इटालियन उपग्रहाला अडीच मिलिमीटर जाडीच्या तारेने वर सोडलं. तार १९.७ किलोमीटर उलगडली तेव्हा तिच्या दोन टोकांत ३,५०० व्होल्ट होते, कणा जसा पंचवीस व्होल्ट निर्माण करतो त्याच न्यायाने. तारेच्या वेष्टनातल्या एका बारीक दोषातून आर्क पेटला, एका अँपिअरच्या आसपास प्रवाहाने तार जळून तुटली आणि उपग्रह वीस किलोमीटरचं शेपूट घेऊन निघून गेला.

जाणूनबुजून दाब वाढवून, ठिणग्या पडू देऊन त्या मोजायच्या, हे काम शेवटी विद्यार्थ्यांनी केलं. जपानच्या क्यूशू तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक मेन्गू चो यांच्या गटाने होर्यू-२ हा साधारण सात किलोंचा उपग्रह बांधला. मे २०१२ मध्ये तो कक्षेत गेला आणि त्याने सौरघटांतून ३०० व्होल्ट काढून दाखवले. त्याआधी कक्षेत घटांनी एवढा दाब दिला नव्हता. २०१६ मध्ये गेलेल्या होर्यू-४ वर ठिणगीचा आलेख कक्षेतच टिपणारं उपकरण होतं.

या ३०० च्या शेजारी अवकाशातून वीज खाली पाठवण्याच्या योजनांचे आकडे ठेवून बघावेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आखलेला नमुना आराखडा पाच हजार मेगावॉटचा होता: पन्नास चौरस किलोमीटर सौरघट, ३६ हजार किलोमीटरवर. १६० व्होल्टांवर ही वीज न्यायची तर तीन कोटी अँपिअर वाहतील, तेवढं तांबं वर नेणं दूरच. म्हणून आराखड्यात दाब धरला होता ४० हजार व्होल्टांहून अधिक. होर्यूच्या सव्वाशे पटींहून जास्त, आणि फटी किती मिलिमीटर ठेवायच्या व त्यांत कुठला लगदा भरायचा, हे पन्नास चौरस किलोमीटरभर ठरवायचं आहे.